वादळानंतर छप्पर वरून शाबूत दिसते आहे. आतले नुकसान कसे ओळखावे?

तेरणाकाठ

सर्वांना नमस्कार. आमचे वडिलोपार्जित घर लातूर जिल्ह्यातील औसा तालुक्यात असून तेथे आई-वडील राहतात. मी नोकरीनिमित्त छत्रपती संभाजीनगरला असतो. गेल्या आठवड्यात गावाकडे वळवाचा पाऊस झाला. आधी बराच वेळ सुसाट वारा सुटला होता आणि मग पावसाबरोबर बोराएवढ्या गारा पडल्या. आमच्या गल्लीतील दोन घरांचे पत्रे उडून शेजारच्या शेतात जाऊन पडले, एका गोठ्याचे छप्पर कैचीसकट (खालच्या सांगाड्यासकट) उलटले. आमच्या घराचे मात्र वरवर पाहता काहीच बिघडलेले नाही.

घर टप्प्याटप्प्याने बांधले गेल्यामुळे त्याची छपरे तीन प्रकारची आहेत. मागचा भाग आजोबांच्या काळातील माळवदाचा, म्हणजे लाकडांवर मातीचे थर असलेल्या सपाट छपराचा आहे. १९९३च्या किल्लारीच्या भूकंपात त्याच्या भिंतींना तडे गेले होते, त्यांची तेव्हा डागडुजी झाली, पण वरची माती तशीच राहिली. मधल्या दोन खोल्या आणि त्यांच्यापुढची उघडी पडवी यांवर पत्रे आहेत. ते नऊ इंची विटांच्या भिंतीत रोवलेल्या लोखंडी पाईपांवर जे-हुकांनी (इंग्रजी जे अक्षरासारख्या वाकवलेल्या आकड्यांनी) बसवलेले आहेत. पुढची खोली अलीकडची असून तिला स्लॅब आहे.

वडिलांचे म्हणणे असे की पत्रे जागेवर आहेत, कुठे थेंब गळत नाही, मग उगाच माणसे बोलावून खर्च कशाला करायचा. मी शनिवारी जाऊन पाहिले तेव्हा तीन गोष्टी खटकल्या. मधल्या खोलीत पाईप जेथे भिंतीत जातो त्याच्या खाली जमिनीवर सिमेंटचा भुगा पडलेला होता आणि तेथेच गिलाव्यात एक बारीक आडवी भेग दिसली. पडवीच्या कोपऱ्यातला पत्रा साध्या वाऱ्यानेही खडखडतो, जो पूर्वी खडखडत नसे. माळवदावरची पांढरी माती गारांनी ठिकठिकाणी फुटल्यासारखी झाली आहे.

मृग नक्षत्र लागायला फार दिवस राहिलेले नाहीत. घरच्या माणसाने काय काय तपासावे, वर चढणे कितपत सुरक्षित आहे, आणि या तिन्हींपैकी आधी कोणते छप्पर पाहावे, याबद्दल जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

निवृत्त_शाखा_अभियंता

तुमच्या वडिलांचा तर्क अनेकांचा असतो आणि त्यात तथ्यही आहे, कारण वळवाच्या सरी थोडा वेळ पडून थांबतात आणि तेवढ्यात गळती दिसेलच असे नाही. परंतु गळती हे छपराच्या दुखण्याचे शेवटचे लक्षण आहे. वादळाने पहिला मार बसतो तो पत्र्याला नसून पत्रा ज्यांनी धरून ठेवला आहे त्या जोडांना बसतो: हूक, वायसर, पाईप आणि पाईपाचे भिंतीतले टोक. म्हणून तुम्ही सांगितलेल्या तीन गोष्टींपैकी मला सर्वांत गंभीर वाटते ती भुगा आणि आडवी भेग.

वारा छप्पर खाली दाबतो असा आपला समज असतो. प्रत्यक्षात कमी उताराच्या छपरावरून वारा वेगाने जाताना तो पत्रा वर ओढतो, आणि ही ओढ सगळीकडे सारखी नसते. कडा, कोपरे आणि मगऱ्याजवळ (छपराच्या सर्वांत उंच रेषेजवळ) ती सर्वांत जास्त असते. पडवीसारखी एक बाजू उघडी असेल तर वारा खालून शिरून वर ढकलतो, म्हणजे ओढ आणि ढकल दोन्ही एकाच दिशेने होतात. गोठे आधी का उलटतात याचे उत्तर यात आहे. आकड्यांत सांगायचे तर, इमारतींवरील भारांसाठीच्या भारतीय मानक ८७५च्या तिसऱ्या भागात उदाहरणार्थ छत्रपती संभाजीनगरसाठी वाऱ्याचा मूलभूत वेग सेकंदाला ३९ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १४० किलोमीटर धरलेला आहे. त्या वेगाला वाऱ्याचा दाब चौरस मीटरला ९० किलोच्या आसपास जातो. छपरावरची प्रत्यक्ष ओढ उतार आणि जागा यांप्रमाणे कमी-अधिक होते, पण अर्धा मिलिमीटर जाडीच्या पत्र्याचे स्वतःचे वजन चौरस मीटरला जेमतेम चार-पाच किलो असते, हे लक्षात घेतले म्हणजे सारी भिस्त जोडांवर का असते ते कळेल.

आता तुमच्या भेगेविषयी. पाईप भिंतीत नुसता रोवलेला असेल आणि त्याला खाली कशाने बांधलेले नसेल, तर वादळात पाईप वरच्या दोन-तीन थरांच्या विटांसह किंचित उचलला जातो आणि वारा ओसरताच परत बसतो. डोळ्यांना छप्पर जसेच्या तसे दिसते. मात्र विटांमधला सांधा सुटलेला असतो, त्यातला चुना-सिमेंट भुगा होऊन खाली पडतो आणि पाईपाच्या पातळीत किंवा तिच्याखाली आडवी भेग उमटते. असे छप्पर पुढच्या वादळात पहिल्यापेक्षा कमी वाऱ्याने उडते.

आपल्याकडे काळ्या मातीमुळेही भिंतींना भेगा जातात, तेव्हा दोहोंतला फरक ओळखला पाहिजे. काळी माती उन्हाळ्यात आकसते आणि पावसाळ्यात फुगते, त्यामुळे पाया हलून पडणाऱ्या भेगा बहुधा तिरप्या असतात, खिडकी-दाराच्या कोपऱ्यांतून निघतात आणि ऋतूप्रमाणे रुंदावतात किंवा मिटतात. वाऱ्याने पडलेली भेग भिंतीच्या माथ्याजवळ, आडवी आणि ताजी असते. तिच्या कडा स्वच्छ असतात, आत धूळ किंवा कोळिष्टके नसतात. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने खूण करून शेजारी तारीख लिहून ठेवावी.

तपासणीची सुरुवात वर चढून करू नये. भर दुपारी, ऊन डोक्यावर असताना खोलीची दारे-खिडक्या बंद करून आत अंधार करावा आणि थोडा वेळ डोळे सरावू द्यावेत. जेथे जेथे प्रकाशाचा ठिपका दिसेल तेथे खडूने भिंतीवर किंवा पाईपावर खूण करावी. हुकाभोवती गोल ठिपका दिसला तर वायसर गेलेला आहे. ठिपका लांबट, चंद्रकोरीच्या आकाराचा असेल तर पत्रा हलून हलून भोक रुंदावलेले आहे, आणि हे दुसरे प्रकरण जास्त वाईट. अशा भोकावर नुसता लांबी-डांबराचा लपका मारून भागत नाही. हूक काढून पत्र्याच्या त्याच उंचवट्यावर थोड्या अंतरावर नवे भोक पाडावे, जुन्या भोकावर रुंद वायसरसह स्क्रू बसवून ते बंद करावे.

त्यानंतर प्रत्येक पाईपाचे भिंतीतले टोक बॅटरीच्या उजेडात पाहावे. पाईपाभोवती पोकळी दिसते का, पाईपावर गंजाची जुनी रेघ आणि भिंतीची कड यांत अंतर पडले आहे का, पाईपाला खालून बांबूने हलकेच वर रेटले तर तो हलतो का. तो हलला तर पुढची तपासणी घरच्या माणसाने करू नये, फॅब्रिकेशनवाल्याला आणि जाणत्या गवंड्याला एकत्र बोलवावे. दोघे वेगवेगळ्या दिवशी आले की प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो, हा माझ्या नोकरीतला कायमचा अनुभव.

गारांबद्दल थोडक्यात: जस्ताच्या पत्र्यावर पोचे पडले तर लगेच गळती होत नाही, पण रंगीत पत्र्याचा रंग उडाला असेल तर तेथे पुढे गंज धरतो, म्हणून प्रायमर आणि रंगाचा हात फिरवावा. सिमेंटच्या पत्र्यांचे मात्र तसे नसते. गारेने त्यांना वरून न दिसणारी, तारकेच्या आकाराची तडकण जाते आणि खालच्या बाजूला ओलसर कडे उमटते. तुमच्याकडे सिमेंटचे पत्रे नाहीत, पण वाचणाऱ्यांपैकी ज्यांच्याकडे असतील त्यांनी त्यांवर कदापि पाय देऊ नये. तडकलेला पत्रा माणसाचे वजन पेलत नाही आणि खाली कोसळून दगावल्याची उदाहरणे दरवर्षी घडतात.

मुक्काम_जालना

अभियंता साहेबांनी फार सविस्तर लिहिले आहे. तरी एक सोपा उपाय सुचवतो. आमच्याकडे पत्र्याच्या कडेला आणि कोपऱ्यांत मोठे दगड किंवा वाळूने भरलेली पोती ठेवण्याची रीत आहे आणि आमचे छप्पर आजवर टिकून आहे. यांचा कोपरा खडखडतो आहे, तेथे तात्पुरते दोन दगड ठेवले तर पावसाळा निघून जाईल असे वाटते.

निवृत्त_शाखा_अभियंता

@मुक्काम_जालना, आपल्या भावना समजतात, परंतु या सल्ल्याशी मी सहमत होऊ शकत नाही आणि तो कोणी अमलात आणू नये असे स्पष्टच लिहितो. वर दिलेला हिशेब पुन्हा पाहावा: मोठ्या वादळात कोपऱ्याच्या एका चौरस मीटरवरची ओढ वीस किलोंपेक्षा कितीतरी जास्त असते, तेथे वीस किलोचा दगड काही रोखू शकत नाही. पत्रा उचलला की तो दगड घरंगळतो आणि खाली झोपलेल्या किंवा आडोशाला उभ्या असलेल्या माणसावर पडतो. वादळानंतरच्या बातम्यांत पत्र्यावरील दगड अंगावर पडून झालेल्या मृत्यूंचा उल्लेख अनेकदा असतो. शिवाय दगडाखाली पाणी आणि कचरा साचून पत्रा तेवढ्याच जागी गंजतो, तो वेगळा तोटा. छप्पर आजवर टिकले आहे ते दगडांमुळे की हुकांमुळे, हे दगड काढून हूक तपासल्यावरच कळेल.

@तेरणाकाठ, दगड असतील तर ते आजच उतरवा. कोपऱ्यातला पत्रा खडखडतो याचा अर्थ तेथील हूक सैल झाला आहे किंवा तुटला आहे. कडेच्या आणि कोपऱ्याच्या पत्र्यांना मधल्या पत्र्यांच्या दुप्पट स्क्रू असावेत, आणि पडवीचा पत्रा भिंतीबाहेर किंवा शेवटच्या पाईपाबाहेर दीड फुटापेक्षा जास्त लोंबत असेल तर तो कापून आखूड करावा. सावली थोडी कमी होईल, पण वाऱ्याला धरायला जागा उरणार नाही.

बालाघाटी

मी धाराशिव जिल्ह्यातला. आमच्या घराला आजही माळवद आहे आणि त्याची देखभाल मी स्वतः करतो, त्यामुळे त्या भागाविषयी लिहितो. माझ्या मते तुमच्या तिन्ही छपरांत पहिला मान पत्र्याचा खरा, पण दुसरा क्रमांक लगेच माळवदाचा आहे. स्लॅब थांबू शकतो.

माळवदात खांबांवर तुळई (मुख्य जाड लाकूड), तुळईवर सर (आडवी लाकडे), सरांवर किलचन (लहान फळ्या), त्यावर पाला किंवा तुराट्या, मग चिखलाचा थर आणि सर्वांत वर पांढरी माती, अशी रचना असते. पांढरी चांगली चोपलेली असली म्हणजे पाणी तिच्यावरून वाहून पन्हळीकडे जाते. गारांनी तिचा कडक पापुद्रा फुटला की पाणी वाहण्याऐवजी मुरू लागते. मुरलेले पाणी लगेच खाली टपकत नाही, कारण मधली माती ते शोषून घेते, आणि येथेच धोका आहे. एक फूट जाडीची माती कोरडी असतानाच चौरस मीटरला जवळपास पाचशे किलो भरते, म्हणजे दहा बाय दहाच्या खोलीवर साडेचार टनांच्या आसपास ओझे असते. ती भिजली की हे वजन आणखी वाढते, आणि नेमके त्याच वेळी तुळईची व सरांची भिंतीत गेलेली टोके ओल धरून कुजत असतात. किल्लारीच्या भूकंपात एवढी माणसे गेली त्यात दगड-मातीच्या जाड भिंती आणि हे अवजड माळवद यांचा मोठा वाटा होता. गळते म्हणून दरवर्षी आणखी माती टाकत राहिल्याने अनेक घरांवरचे थर दोन-अडीच फुटांवर गेले होते. तुमच्याकडे भूकंपानंतरही वरची माती तशीच राहिली असे तुम्ही लिहिले आहे, ते वाचून काळजी वाटली.

घरात उभे राहून करायची तपासणी अशी. तुळईच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत खालून सुतळी ताणून बांधावी आणि मध्यभागी सुतळी व तुळई यांच्या पातळीत किती फरक आहे तो मोजून तारखेसह लिहून ठेवावा. जुन्या तुळईला थोडा बाक असतोच, त्याने घाबरू नये. पावसानंतर पुन्हा मोजले असता बाक वाढलेला दिसला तर मात्र त्या खोलीत झोपणे त्याच दिवशी बंद करावे आणि टेकू द्यावेत. तुळई व सर भिंतीत शिरतात तेथे टोकदार सळईने टोचून पाहावे. निरोगी सागवानात किंवा बाभळीत सळई सहज शिरत नाही. ती लोण्यात गेल्यासारखी गेली, काळपट भुगा निघाला किंवा वाळवीचे मातीचे माग दिसले तर ते टोक निकामी समजावे. वर हातोडीच्या दांड्याने ठोकल्यावर भरीव आवाजाऐवजी बद्द आवाज येतो का, हेही ऐकावे. किलचनातून मातीचे खडे गळू लागले असतील, तर त्याच्या बरोबर वर घुशीचे बीळ किंवा पाण्याने खोदलेली पोकळी असण्याचा संभव असतो.

वर जायचे झाल्यास एकट्या हलक्या माणसाने, पाऊस पडून किमान चार-पाच दिवस कडक ऊन मिळाल्यावर, भिंतीच्या रेषेवरूनच चालावे. खोलीच्या मधोमध जाऊ नये. साण्याची (उजेडासाठी छतात ठेवलेल्या भोकाची) कड, पन्हळीचे तोंड आणि माळवद जेथे पत्र्याच्या भिंतीला भिडते तो सांधा या तीन जागा प्रथम पाहाव्यात. तुमच्या घरात दोन वेगळी बांधकामे एकमेकांना चिकटलेली आहेत, म्हणून तो सांधा सर्वांत कच्चा असणार.

दुरुस्ती करताना फुटलेल्या पांढरीवर नवी पांढरी थापू नका. वरचा भिजलेला थर खरवडून काढा, राहिलेली माती वाळू द्या, मगच नवीन पांढरी टाकून पन्हळीकडे उतार ठेवून धुम्मसाने (माती ठोकण्याच्या जड ठोकळ्याने) चोपा. निघेल तेवढी माती काढाल तेवढे बरे. माती ओली असतानाच वर ताडपत्री घट्ट बांधण्याची चूक अनेक जण करतात. त्याने ओल आतच कोंडून लाकूड कुजते. पाऊस तोंडावर असेल तेव्हा ताडपत्री जरूर घालावी, पण उघडीप मिळताच ती काढावी.

गोदावरी_परभणी

वरच्या सर्व सूचना उत्तम आहेत. त्यांत विजेचा मुद्दा राहिला आहे आणि तो सर्वांत आधी यायला हवा होता. वादळात घराकडे येणारी सर्व्हिस वायर ताणली जाते किंवा पत्र्याच्या कडेवर घासून तिचे आवरण निघते. अशा वेळी अख्खे पत्र्याचे छप्पर आणि त्याला जोडलेले लोखंडी पाईप यांत विद्युतप्रवाह उतरू शकतो. शिडी लावण्यापूर्वी मेन स्विच बंद करावाच, पण लक्षात असू द्या की सर्व्हिस वायर मीटरच्या आधीची असल्याने मेन स्विच बंद केल्यानेही ती निर्जीव होत नाही. वायर पत्र्याला टेकलेली दिसली तर कोणीही पत्र्याला, पाईपाला किंवा त्याला बांधलेल्या कपड्यांच्या तारेला हात न लावता वीज वितरणच्या कर्मचाऱ्याला बोलवावे. कपडे वाळत घालण्याची तार घरातल्या बाईच्या हाताखालून रोज जाते, म्हणून हे मुद्दाम लिहिले. आभाळ गडगडत असताना तर वर जाण्याचा विचारही नको. विजेची पूर्वसूचना देणारे, पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेचे ‘दामिनी’ ॲप फोनमध्ये असावे.

आता स्लॅबविषयी, कारण आमच्याकडे तो आहे. गारांनी चांगल्या स्लॅबचे सहसा काही बिघडत नाही, परंतु गारा, लिंबाचा पाला आणि पक्ष्यांची घरटी मिळून पावसाळी पाईपाचे तोंड बुजते आणि गच्चीवर तळे साचते. पाण्याचा प्रत्येक सेंटिमीटर थर चौरस मीटरला दहा किलो भार टाकतो. त्याने स्लॅब पडत नाही, मात्र पाणी कोब्याच्या (स्लॅबवरच्या जलरोधक थराच्या) सूक्ष्म भेगांतून आत शिरते. कोब्याखाली विटांचे तुकडे असतात, त्यांत ते पाणी मुक्काम करते आणि शिरले तेथून दूर, काही दिवसांनी छतावर डाग उमटवते. त्यामुळे डागाच्या बरोबर वर भोक शोधत बसू नये. कठड्याच्या पायाशी मारलेला वाटा (सांध्यावरची सिमेंटची गोलाई) सुटला आहे का, टाकीच्या ओट्याभोवती आणि सौर पाणीतापकाच्या पायांच्या बोल्टांजवळ भेगा आहेत का, हे आधी पाहावे. वाऱ्याने हे स्टँड हलतात आणि बोल्टांची भोके पाण्याला वाट करून देतात. कठडा हाताने रेटूनही पाहावा, मात्र घराच्या आतल्या बाजूला उभे राहून.

खात्री करायची असेल तर पाईपाचे तोंड बंद करून गच्चीवर दोन इंच पाणी दोन दिवस साठवून ठेवतात. छताच्या खालच्या बाजूला सळ्या उघड्या पडल्या असतील किंवा गंजाचे तांबडे ओघळ असतील तर हा प्रयोग करू नये, आणि माळवदावर तर त्याचा विचारही करू नये.

मुक्काम_जालना

दगडांचा मुद्दा मान्य आहे, आमचेही उतरवतो. माझा एक प्रश्न आहे. आमच्या गावात पंचनामे झाले तेव्हा ज्यांचे पत्रे उडाले त्यांचीच नावे लिहिली गेली. यांच्यासारखे आतले नुकसान असेल तर काही मदत मिळते का?

लेखापाल_हिंगोली

राज्य आपत्ती प्रतिसाद निधीचे २०२२-२३ ते २०२५-२६ या काळासाठीचे निकष मला कामामुळे माहीत आहेत, ते देतो. मैदानी भागात पूर्ण नष्ट किंवा गंभीर नुकसान झालेल्या घराला १,२०,००० रुपये, अंशतः नुकसान झालेल्या पक्क्या घराला ६,५०० रुपये, कच्च्या घराला ४,००० रुपये, झोपडीला ८,००० रुपये आणि घराला लागून असलेल्या गोठ्याला ३,००० रुपये अशी मदत त्या निकषांत आहे. अंशतः नुकसानीसाठी अट अशी की नुकसान किमान १५ टक्के असले पाहिजे, आणि आतले नुकसान नेमके याच अटीपाशी अडते, कारण पंचनामा करणारा माणूस दारात उभा राहून वर पाहतो आणि पत्रे जागेवर दिसतात.

म्हणून डागडुजीला हात लावण्यापूर्वी छायाचित्रे काढावीत: भेगेशेजारी फूटपट्टी धरून एक, त्याच भेगेसह संपूर्ण भिंत दिसेल असे दुसरे, रुंदावलेल्या भोकांचे खालून प्रकाशासह, आणि माळवदाच्या फुटलेल्या थराचे वरून. तलाठी व ग्रामसेवक येतील तेव्हा त्यांना पाईपाचे टोक हलवून दाखवावे आणि पंचनाम्यात ‘भिंतीचा माथा सुटला आहे’ असे शब्द येतील हे सही करण्यापूर्वी वाचून पाहावे. पंचनामा होऊन गेला असल्यास तहसील कार्यालयात छायाचित्रांसह लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. रक्कम खर्चाच्या मानाने तुटपुंजी आहे, हे कोणीही मान्य करील.

घराचा विमा असेल तर विमा कंपनीला ताबडतोब कळवावे आणि सर्व्हेअर येईपर्यंत केवळ तात्पुरती झाकपाक करावी, बदललेले हूक व वायसर फेकू नयेत. १ एप्रिल २०२१ पासून ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे उपलब्ध असून तीत वादळ, पूर आणि वीज पडणे यांचा समावेश आहे. गृहकर्जाबरोबर घेतलेल्या कित्येक पॉलिसी कपाटात विसरल्या जातात, तेव्हा एकदा कागद चाळून पाहावेत.

तेरणाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. काल गावी जाऊन, सर्व्हिस वायर लांब आणि शाबूत असल्याची खात्री करून, सांगितल्याप्रमाणे पाहिले. खोली अंधारी केल्यावर मधल्या भागात तुरळक गोल ठिपके दिसले, पण पडवीकडच्या ओळीतली बहुतेक भोके लांबट झाली आहेत. ज्या पाईपाखाली भुगा पडला होता तो बांबूने रेटल्यावर किंचित वर सरकतो; त्याच भिंतीतला शेजारचा पाईपही हलतो, बाकीचे घट्ट आहेत. माळवदाच्या एका सराचे टोक सळईने टोचले असता मऊ लागले, तुळईची टोके कडक आहेत. तुळईला सुतळी बांधून माप लिहून ठेवले आहे. स्लॅबच्या पाईपाच्या तोंडाशी पाल्याचा बोळा होता, तो काढला. वाटा एका ठिकाणी सुटलेला आहे. वडिलांनी पाईप हलताना स्वतः पाहिला आणि त्यानंतर खर्चाचा विषय काढला नाही.

हलणाऱ्या पाईपांवर उपाय काय करावा? गावातला गवंडी म्हणतो की पाईपाभोवती सिमेंट भरून टाकू, फॅब्रिकेशनवाला म्हणतो की सगळे छप्पर उतरवून नवी कैची बसवू. दोन्हींतले काय योग्य?

निवृत्त_शाखा_अभियंता

दोन्हींच्या मधले. नुसते सिमेंट भरल्याने पाईप त्याच सुटलेल्या दोन-तीन थरांना चिकटेल आणि पुढच्या वेळी त्यांच्यासह उचलला जाईल. सगळे छप्पर उतरवण्याचीही गरज दिसत नाही, कारण बाकीचे पाईप घट्ट आहेत.

त्या दोन पाईपांवरचे पत्रे काढून भिंतीचे सुटलेले थर उतरवावेत आणि त्या जागी भिंतीच्या रुंदीइतका, चार इंच उंचीचा, सळ्या घातलेला काँक्रीटचा पट्टा भिंतीच्या पूर्ण लांबीवर ओतावा. पाईपाच्या टोकावरून लोखंडी पट्टी वळवून तिचे दोन्ही पाय भिंतीच्या आतून व बाहेरून किमान तीन फूट खाली आणावेत आणि विटांतून आरपार जाणाऱ्या बोल्टने आवळावेत, म्हणजे वाऱ्याच्या ओढीला तीन फूट उंचीच्या विटकामाचे वजन आडवे येईल. घट्ट असलेल्या पाईपांनाही हीच पट्टी आताच बसवून घ्या. माणूस आणि यंत्र दारात आलेले असताना तो खर्च फार वाढत नाही. पडवीकडची ओळ पूर्ण बदला, जे-हुकांऐवजी रबरी वायसरचे स्क्रू वापरा आणि ते इतके आवळू देऊ नका की वायसर पिळून बाहेर येईल. पट्टा ओतल्यावर किमान सात दिवस पाणी मारा आणि त्या काळात छपराचे वजन त्यावर टाकू नका, तोवर पाईपांना खालून टेकू असू द्या.

मऊ लागलेल्या सराखाली भिंतीलगत आजच एक टेकू द्या आणि त्याच्या वरची माती हलकी करा. बदलण्याचे काम दिवाळीनंतर सावकाश करता येईल. काम झाल्यावर पडवीच्या बाजूने नळीने पाणी मारून पाहा. सुरुवात खालच्या कडेपासून करून हळूहळू वर सरका आणि आत एक माणूस उभा ठेवा, कारण वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडून वाहते आणि कोणता जोड गळतो ते कळत नाही.

बालाघाटी

एक राहिले. वेल्डिंगच्या ठिणग्या माळवदाच्या कडेच्या तुराट्यांत किंवा पडवीत रचलेल्या कडब्यात पडू शकतात. काम सुरू करण्यापूर्वी कडबा बाहेर काढा, माळवदाच्या बाजूने ओले पोते टांगा आणि पाण्याची बादली जवळ ठेवा. काम संपल्यावरही तासभर तेथे कोणीतरी लक्ष ठेवून बसावे.